बोलतं करायची घाई नको, पण उपचार टाळू नका

कळव्याहून एका ताईंनी विचारलं आहे. यजमान मूळचे साताऱ्याकडचे. सैन्यात सतरा वर्षं काढून पेन्शनवर आले आणि इथे बचाव पथकात लागले. या पावसाळ्यात एक इमारत कोसळली, तेव्हा तीन दिवस ढिगाऱ्यावर होते. त्याला आता अडीच महिने झाले. घरी बोलत नाहीत, पाच वर्षांच्या मुलाला जवळ घेत नाहीत, रोज रात्री घेतल्याशिवाय झोपत नाहीत. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. पथकातले साहेब म्हणतात, फौजी माणूस आहे, आपोआप सावरेल. ताईंचे प्रश्न तीन आहेत : यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का, यांना बोलतं कसं करू, आणि डॉक्टरकडे नेलं तर नोकरी जाईल का. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय की यजमान रात्री दोन-अडीचला उठतात, पंखा बंद करतात आणि अंधारात नुसते उभे राहतात.

ताई, मी सुरुवात पंख्यापासूनच करतो. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, पण तुमची खरी भीती तीच आहे.

इमारत पडल्यावर बचावाच्या कामात एक वेळ अशी येते, की अधिकारी हात वर करतो आणि सगळं थांबतं. पोकलेन बंद, कटर बंद, जनरेटरसुद्धा बंद. बघ्यांना गप्प करतात. मग एक जण स्लॅबच्या फटीशी आडवा होऊन हाक मारतो, ‘आत कोणी आहे का? आवाज द्या, नाहीतर काहीतरी वाजवा.’ आणि पथकातला प्रत्येक जण श्वास धरून कान देतो. आतून आवाज आला तर त्या दिशेने खणायचं, नाही आला तर पुढची फट. हे तासातासाने, दिवसरात्र चालतं. तुमचे यजमान रात्री पंखा बंद करतात, ते बहुधा ऐकू यावं म्हणून. काम संपलं, घरी आले, अंग धुतलं, पण शरीराचा एक भाग अजून तिथेच कान देऊन उभा आहे. नक्की काय ते तेच सांगू शकतील, पण बचावकर्मींच्या बाबतीत मी अशा गोष्टी इतक्या वेळा ऐकल्यात की मला त्यात वेड दिसत नाही. बाहेरचंही काही नाही. सासूबाईंना रागावू नका, त्या आपल्या लेकाच्या काळजीने बोलतायत. त्यांनी देवाला दिवा लावला तर लावू द्या, फक्त त्यापायी उपचार लांबू देऊ नका.

लष्करी रुग्णालयात नोकरी करून मी ठाण्यात प्रॅक्टिस करतो आहे. जवान, पोलीस, अग्निशमन दलातले लोक, लोकलचे मोटरमन, रुळांवरून मृतदेह उचलणारे हमाल, सगळे माझ्याकडे येतात. येतात म्हणजे बहुतेकांना बायको घेऊन येते, आणि तीही ‘यांना झोप येत नाही’ एवढंच सांगते. खरं काय ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळतं.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला आघातानंतरच्या तणाव विकाराची, ज्याला आम्ही पीटीएसडी म्हणतो त्याची, दाट शंका आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही. ओळख मात्र सांगतो. घडलेला प्रसंग आठवणीसारखा आठवत नाही, तो पुन्हा घडतो : स्वप्नात, वासात, आवाजात. ओल्या सिमेंटचा वास आला की पोटात ढवळतं. मग माणूस अशा प्रत्येक गोष्टीपासून लांब राहायला लागतो. मन बधिर होतं, आवडत्या माणसांबद्दलही काही वाटेनासं होतं, आणि सगळा दोष आपला असं वाटत राहतं. शिवाय शरीर सतत सावध : झोप उडते, लहानशा आवाजाने दचकायला होतं, चिडचिड होते. माझ्याकडे येणारा एक जण कोणाच्याही घरी गेला की आधी कॉलम आणि बीमवरच्या भेगा बघायचा, मगच बसायचा. पहिले चार आठवडे यातलं बरंच काही कोणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. म्हणून महिनाभर आम्ही हे निदान करत नाही. साहेबांचं म्हणणं त्या महिन्यापुरतं बरोबर होतं. अडीच महिन्यांनंतर आणि रोजच्या दारूसकट ते बरोबर राहत नाही.

फौजी माणसाला हे होत नाही, हा समज इतिहासानेच खोटा ठरवला आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या लष्करी डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ (तोफगोळ्यांच्या माऱ्यात मनाला बसलेला धक्का) झालेल्या सैनिकांबद्दल लिहिलं. त्या काळात अशा कित्येक जणांना भित्रे म्हणून हिणवलं गेलं. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्यांचे हाल बघून १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी पीटीएसडीला अधिकृत निदान म्हणून मान्यता दिली. २०१३ च्या सुधारणेत त्यांनी हेही स्पष्ट लिहिलं, की जिवावरचा प्रसंग स्वतःवर आला नसला तरी मृतदेहांचे अवशेष पुन्हा पुन्हा हाताळणाऱ्या बचावकर्मींना हा विकार होऊ शकतो. म्हणजे तुमचे यजमान करतात ते काम निदानाच्या निकषातच लिहिलेलं आहे.

आणि आपल्या भागात हे काम कमी नाही. शिळफाट्याची इमारत ४ एप्रिल २०१३ ला पडली, ७४ माणसं गेली. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले. भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे इमारत झोपेतल्या माणसांवर आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा ठाण्या-नवी मुंबईची पथकं भर पावसात डोंगर चढून गेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडली. बातमी चार दिवसांत मागे पडते. वर्दी आल्यावर तिथे जाणारी माणसं मात्र तीच असतात, आणि आधीचं उतरलेलं नसतं त्यावर पुढचं चढतं. यजमानांच्या सैन्यातल्या वर्षांचंही काही आत राहिलेलं असू शकतं. युनिटमध्ये असताना आजूबाजूला पन्नास जण होते, बडी, म्हणजे जोडीदार, होता, न सांगता कळणारी माणसं होती. पेन्शन आली की ती माणसं एका दिवसात सुटतात. माझ्याकडच्या बऱ्याच माजी सैनिकांचा त्रास निवृत्तीनंतरच वर आला आहे, युद्धभूमीवर नाही.

आता बोलतं करण्याबद्दल. तुमच्या मनात आहे की एकदा सगळं बोलून टाकलं की मोकळे होतील. हा विचार तुमच्या एकटीचा नाही. १९८३ पासून जगभर अनेक अग्निशमन आणि पोलीस दलांत अशी पद्धत होती, की घटना झाली की लगेच सगळ्यांना गोल बसवायचं आणि प्रत्येकाला काय पाहिलं, काय वाटलं ते सांगायला लावायचं. पुढे या पद्धतीची तपासणी झाली. एकाच बैठकीत असं बोलायला लावल्याने पीटीएसडी टळत नाही, काहींना तर त्याने जास्त त्रास होतो, असं दिसलं. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचना आता स्पष्ट सांगतात की हे करू नका. तेव्हा खोदून खोदून विचारू नका. ‘काय झालं ते सांगा ना एकदा’ हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा.

त्याऐवजी एवढंच म्हणा : ‘तुम्ही रात्री उठता ते मला माहीत आहे. मी जागी असते. काही सांगायचं नसेल तरी चालेल.’ आणि खरोखर तिथेच थांबा. रात्री उठलेले दिसले तर मागून हात लावू नका, आधी नावाने हाक मारा, दिवा लावा, आपण घरात आहोत, अमुक वार आहे, एवढं साधं बोला. जेवण वेळेवर, शक्य तेव्हा दोघांनी मिळून. पथकातला एखादा जवळचा मित्र घरी चहाला येत असेल तर येऊ द्या, आणि ते दोघं काय बोलले ते नंतर विचारू नका. पहिल्या महायुद्धापासून लष्करी डॉक्टरांना एक गोष्ट कळलेली आहे : खचलेल्या जवानाला आपल्या तुकडीपासून तोडून लांब पाठवलं की बरं होणं अवघड होतं. जवळ ठेवा, लवकर मदत द्या, तो बरा होणारच असं धरून चाला. घरालाही हेच लागू आहे.

मुलाला जवळ घेत नाहीत याचं तुम्हाला फार लागलंय, ते पत्रात दिसतं. त्या ढिगाऱ्यातून त्यांनी कदाचित एखादं लहान मूल काढलं असेल. लष्करी शवागारांत काम करणाऱ्यांवर जे अभ्यास झाले, त्यांत दिसलं की मृत व्यक्तीत स्वतःचं माणूस दिसायला लागलं की त्रास वाढतो. म्हणजे दप्तर, चपला, वाढदिवसाचा फोटो हातात आला आणि ‘हा माझाही असू शकला असता’ हा विचार आला की झालं. ज्याला पोरावर माया नाही त्याला असं होत नाही. मुलाला त्यांच्या मांडीवर नेऊन बसवू नका. दोघांना शेजारी शेजारी करता येईल असं काम द्या : सायकलची चेन बसवणं, सकाळी उपवनला चक्कर. मुलाला सांगा, ‘बाबा कामावर खूप दमलेत, तुझ्यावर रागावलेले नाहीत.’ पाच वर्षांचं पोर स्वतःला दोषी धरतं, म्हणून हे त्याला शब्दांत सांगावंच लागतं.

दारूवर मी जास्त लिहिणार नाही, पण एक धोका सांगितलाच पाहिजे. क्वार्टरने झोप लागते हे खरं, पण पहाटेची झोप मोडते आणि स्वप्नं वाढतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त लागते. आता भांडून, बाटली फोडून एका दिवसात बंद करायला लावू नका. जो रोज भरपूर पितो त्याने अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणं, झटके, भ्रम होऊ शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. किती घेतात ते डॉक्टरला खरं सांगा, सोडवण्याची औषधं वेगळी असतात. तसंच ओळखीच्या केमिस्टकडून अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अशा गुंगीच्या गोळ्या आणून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा गोळ्या देऊ नयेत. नंतरही त्यांनी हा आजार बरा होत नाही, आणि दारूबरोबर त्या घातक ठरतात.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लोक समजतात की या माणसांना भीती खाते. माझ्या समोर बसलेल्या बहुतेक बचावकर्मींना खाते ती अपराधाची भावना. ‘आम्ही उजवीकडून खणलं, आवाज डावीकडून होता.’ ‘मी हात धरला होता, मग सुटला.’ बायकोशी ते बोलत नाहीत याचं हे एक मोठं कारण आहे : तिला कळलं की मी एकाला सोडून आलो, तर ती माझ्याकडे कसं बघेल? अशा वेळी ‘तुमची काही चूक नव्हती’ असं सांगून भागत नाही. हे त्यांनी स्वतःला शंभरदा सांगून पाहिलेलं असतं.

मी टेबलावर मोठा कागद पसरतो आणि त्यांना जागेचा नकाशा काढायला लावतो. हे उपचारात, विश्वास बसल्यावर, त्यांची तयारी असेल तेव्हा. जिना कुठे होता, पोकलेन कुठे उभं होतं, लाइट कुठून मारला होता, कुठला स्लॅब लटकत होता, थांबायचा हुकूम कोणी दिला, किती वाजले होते. फौजी माणसाचा हात नकाशावर आला की स्थिर होतो. एकाने असा नकाशा काढता काढता पेन्सिल थांबवली आणि म्हणाला, ‘इथे मी गेलोच नसतो. इथे पाणी होतं.’ इतके महिने तो स्वतःला ज्या फटीत न शिरल्याची शिक्षा देत होता, तिथपर्यंत जायला वाटच नव्हती. त्या दिवशी तो बरा झाला नाही. पण त्यानंतर अपराधाचं ओझं खरं होतं तेवढंच उरलं, आणि तेवढं माणूस वागवू शकतो. काही वेळा खरीच चूक झालेली निघते. तेव्हा ती नाकारायची नाही, ती किती होती आणि परिस्थितीची किती, हे वेगळं करायचं. हे काम घरच्यांचं नाही. त्यासाठी शिकलेला माणूस लागतो.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणींवर काम करणं) या दोन पद्धतींचा पुरावा सगळ्यात पक्का आहे. साधारण आठवड्याला एक बैठक, आठ ते बारा बैठका. जुनं दुखणं असेल तर जास्त. औषधांत सर्ट्रालिनसारखी गोळी देतात. तिने गुंगी येत नाही, सवय लागत नाही, पण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे मी खूप बघतो. गुण आल्यावरही ती बरेच महिने चालू ठेवायची असते, डॉक्टरला न विचारता बंद करायची नाही. समुपदेशकाकडे जाल तर आधी विचारा, आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का. नुसतं ‘सकारात्मक विचार करा’ सांगणाऱ्याकडे पैसे घालवू नका.

नोकरीची भीती. ही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. सैन्यात मानसिक आजाराने कॅटेगरी लागली, म्हणजे वैद्यकीय दर्जा खाली आला, की बढती, पोस्टिंग, सगळ्यावर परिणाम होतो, हे तुमच्या यजमानांनी सोबत्यांच्या बाबतीत बघितलेलं आहे. मोटरमनला ए-वन मेडिकलची, म्हणजे रेल्वेच्या सगळ्यात कडक वैद्यकीय तपासणीची, धास्ती असते. त्यात आपल्याकडे १९०१ पासून मनोरुग्णालय असल्यामुळे ‘ठाण्याला पाठवा याला’ ही शिवी सगळ्या महाराष्ट्रात चालते. पण तुमच्या हातात काय आहे ते बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. डॉक्टर ती परस्पर साहेबांना सांगू शकत नाही. याला मोजके अपवाद आहेत, त्यातला मुख्य म्हणजे कोणाच्या जिवाला धोका असणं. २१ व्या कलमानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमानुसार सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता किंवा हुद्दा कमी करता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. मानसिक आजारामुळे आलेलं अपंगत्वही त्यात धरतात. केंद्रीय सशस्त्र दलांच्या लढाऊ पदांना २०२१ मध्ये यातून वगळलं, पण त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात आजारातून घडलेल्या वागण्यावरून चाललेली शिस्तभंगाची कारवाई हा भेदभाव ठरवला आणि दुसऱ्या पदावर नेलं तरी वेतन राखलं जाईल असं सांगितलं. रजेसाठी प्रमाणपत्र लागलं तर त्यात किती तपशील लिहायचा ते डॉक्टरशी बोलून ठरवा. खोटा आजार मात्र लिहून घेऊ नका, तो पुढे अंगाशी येतो. माझ्या पाहण्यात गणवेशातल्या माणसाची नोकरी उपचारामुळे क्वचित गेली. गेली ती ड्युटीवर पिऊन आल्याने, न सांगता गैरहजर राहिल्याने, वरिष्ठावर हात उचलल्याने.

साहेबांपर्यंत हे पोचत असेल तर त्यांच्यासाठी थोडं. मृतदेह काढायला तेच तेच जवान लावू नका, पाळी बदला. नव्या पोराला पहिल्याच दिवशी लहान मुलांच्या बॉडीजवळ पाठवू नका. ओळख पटवायच्या वस्तू ज्याने बॉडी काढली त्यालाच हाताळायला देऊ नका. परत आल्यावर अंघोळ, गरम जेवण, झोप, हे आधी, अहवाल नंतर. आणि आठवड्याने, महिन्याने प्रत्येकाला बाजूला घेऊन एकच विचारा, ‘झोप कशी आहे?’ ब्रिटनच्या रॉयल मरीन्सनी नव्वदच्या दशकात अशीच पद्धत बसवली, ज्यात डॉक्टर नव्हे तर तुकडीतलाच प्रशिक्षित सोबती चौकशी करतो आणि गरज दिसली तर पुढे पाठवतो. याला बजेट लागत नाही. साहेबाने स्वतः सगळ्यांसमोर ‘मलाही झोप नव्हती, मी डॉक्टरकडे गेलो’ म्हटलं, तर दहा व्याख्यानांचं काम होतं.

ताई, एक गोष्ट आजच विचारा. ‘जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?’ थेट याच शब्दांत. विचारल्याने तो विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे; विचारल्याने उलट हायसं वाटतं. घरात परवान्याचं हत्यार असेल तर ते आणि काडतुसं भरवशाच्या ठिकाणी, त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. जमा कसं करायचं ते पोलीस ठाण्यात विचारा. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ते वस्तू वाटायला लागले, निरवानिरवीचं बोलायला लागले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. वेळ हाताबाहेर वाटली तर ११२. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र, मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं; १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता, आणि लावावा असं मला वाटतं.

नेण्यासाठी ‘मनाचा डॉक्टर’ म्हणून वाद घालत बसू नका. ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणा, ते खरंच आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, तिथे मनोविकार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयातही रोज कितीतरी लोक ओपीडीत दाखवून, औषध घेऊन घरी जातात, दाखल करतातच असं नाही. पेन्शनर म्हणून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. जाताना झोपेच्या वेळा आठवडाभर वहीत लिहून न्या, चालू औषधांची नावं आणि दारूचं खरं प्रमाणही. आत तुम्ही बसायचं की बाहेर, हे त्यांना ठरवू द्या. बहुतेक जण पहिल्या भेटीत बायकोला बाहेर थांबायला सांगतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पहिल्या भेटीत ते गप्पच बसले तरी पुढची तारीख घेऊनच निघा.